पत्त्यांचें पांडित्य

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें यवत आणि वरवंड मागें टाकलें म्हणजे पाटस हें गांव लागतें. उसाच्या मळ्यांमुळें आणि साखर कारखान्यामुळें त्याचें नांव पुष्कळांस ठाऊक असेल. पण दरवर्षीं आषाढाच्या तोंडावर श्रीतुकोबारायांची पालखी वरवंडचा मुक्काम हालवून पाटसावरून पुढें रोटी घाट चढते, त्या दिवसामुळें तें गांव आम्हांस अधिक जिव्हाळ्याचें वाटतें. ज्या संतानें शकुन सांगणाऱ्यांचा आणि भूत, भविष्य, वर्तमान जाणणाऱ्यांचा आपणांस कंटाळा आहे असें आपल्या अभंगांत स्वच्छ सांगून ठेविलें, त्याची पालखी ज्या रस्त्यानें जाते त्याच रस्त्यावरील एका सुशिक्षित घरीं, देव्हाऱ्याच्या शेजारच्या फडताळांत, रेशमी रुमालांत गुंडाळलेले ७८ चित्रांकित पत्ते आम्हीं गेल्या वर्षीं पाहिले. त्यांच्या बाजूला तीन पुस्तकें होतीं, आणि तिन्ही पुस्तकांत ठिकठिकाणीं तांबड्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. आमचा आजचा विषय ते पत्ते नव्हेत; हीं पुस्तकें होत.

घर आमच्या एका जुन्या स्नेह्याचें. पत्ते आणि पुस्तकें त्यांच्या कन्येचीं. ती विज्ञान शाखेची पदवीधर आहे, बुद्धीनें तल्लख आहे, आणि तिला खोटें बोलतां येत नाहीं. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण पुढची हकीकत एखाद्या भोंदूची असती तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. भोंदूंवर लिहिणें सोपें असतें आणि लिहिणाराला त्यांत फुकटचें पुण्य लागतें. ही मुलगी कोणाकडून पैसे घेत नाहीं. तिनें टॅरो कोणा गुरूकडे शिकलेला नाहीं. दोन वर्षें पुस्तकें वाचून, वहींत टिपणें काढून, रात्रीं पत्त्यांचे अर्थ पाठ करून तिनें ती विद्या संपादन केली आहे. शेजारपाजारच्या बायका दुपारीं येतात, तिला आपलें गाऱ्हाणें सांगतात, आणि ती तीन पत्ते काढून त्यांचा अर्थ सांगते.

अशा एका दुपारीं गल्लींतला एक तरुण तिच्याकडे आला. वडिलांचा दोन एकर ऊस. मुलगा राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस दोनदां बसून नापास झालेला. त्याला एका खाजगी गोदामांत हिशेबनिसाची जागा मिळत होती. ती घ्यावी कीं तिसऱ्यांदा परीक्षेस बसावें, असा त्याचा प्रश्न होता. "ताई, तुम्ही सांगाल तसं," असें तो म्हणाला. ताईनें तीन पत्ते काढले. शेवटचा पत्ता नाण्यांची अठ्ठी निघाला. त्यावर एक तरुण कारागीर बाकावर बसून नाण्यावर नक्षी कोरतो आहे असें चित्र असतें, आणि उद्योग, कौशल्य, बहुधा अजून तयारीच्या अवस्थेंत असलेलें, असा त्याचा अर्थ पुस्तकांत दिलेला असतो. मुलीनें जसें वाचलें होतें तसें सांगितलें, कीं अभ्यास चालू ठेव. त्यानें जागा सोडली, पुण्याच्या एका अभ्यासिकेंत आणखी एक वर्ष काढलें, वडिलांनीं त्यासाठीं कर्ज काढलें, आणि तो तिसऱ्यांदा नापास झाला.

परीक्षेंत मुलगे नापास होतात. त्याला पत्ते कारण नाहींत, आणि तसा आरोप आम्ही करीत नाहीं. आम्हांस बोंचली ती पुढची गोष्ट. निकाल लागल्यावर मुलगी खरोखर दुःखी झाली आणि तिनें पुन्हां पुस्तक उघडलें. आम्ही त्या सुमारास तेथें गेलों असतां ती आम्हांस म्हणाली, "काका, चूक माझीच झाली. तो पत्ता माझ्या बाजूनं सरळ होता, पण तो समोर बसला होता, त्याच्या बाजूनं उलटा होता. कोणाच्या बाजूनं बघायचं याबद्दल पुस्तकांत दोन मतं आहेत." उलट्या अठ्ठीचा अर्थ तिनें आम्हांस काढून दाखविला: फसलेली महत्त्वाकांक्षा. पत्ता बरोबर होता, पुस्तक बरोबर होतें. चुकली होती ती केवळ बसण्याची दिशा! आम्हीं थोडें कठोर शब्द बोललों, तेव्हां तिनें आम्हांस असें उत्तर दिलें कीं त्यानें आमचें तोंडच बंद झालें. "तुम्ही आम्हांला वर्गांत सांगायचात, पुस्तक वाचल्याशिवाय त्यावर मत देऊं नये. तुम्ही यांतलं एक तरी वाचलं आहे का?"

आम्हीं वाचलें नव्हतें. तिन्ही पुस्तकें आम्हीं त्याच संध्याकाळीं पिशवींत घालून घरीं आणलीं, आणि त्यांच्या सोबतीस आणखी कांहीं मिळवून उन्हाळ्याची सुटी त्यांतच घालविली. आतां जें लिहितों आहों तें वाचून लिहितों आहों.

त्या तिन्हींपैकीं दोन पुस्तकांच्या पहिल्याच प्रकरणांत टॅरोची वंशावळ दिली आहे. हे पत्ते म्हणजे प्राचीन मिसर देशांतील पुरोहितांचें गुप्त ज्ञान; मंदिरें जळालीं तेव्हां तें ज्ञान चित्रांच्या रूपानें वांचविण्यांत आलें, आणि भटक्या जमातींनीं तें युरोपांत नेलें. ही कथा रम्य आहे, आणि ती आरंभापासून शेवटपर्यंत खोटी आहे. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत, मिलान आणि फेरारा येथील सरदारदरबारांत निघाले, आणि ते निघाले ते खेळण्यासाठीं. आपल्याकडे हुकमाच्या डावांत एक रंग हुकूम ठरतो, तसे त्या डावांत २२ स्वतंत्र चित्रपत्ते कायमचे हुकूम असत. उरलेले ५६ पत्ते चार रंगांचे. या डावांचे निरनिराळे प्रकार फ्रान्स आणि ऑस्ट्रिया या देशांत लोक अजूनही खेळतात, आणि खेळतांना त्यांच्यापैकीं कोणालाही आपलें भविष्य दिसत नाहीं. दिसलेंच तर प्रतिपक्ष्याच्या हातांत किती हुकूम उरले आहेत एवढेंच दिसतें.

मिसरची कथा जन्मली ती पॅरिसमध्यें, १७८१ सालीं. आंत्वान कूर द जेबलें या नांवाचा एक विद्वान धर्मोपदेशक होता. त्यानें कांहीं स्त्रियांना हा खेळ खेळतांना पाहिलें आणि त्या चित्रांत त्याला मिसरची देवमंडळी दिसूं लागली. आपल्या एका प्रचंड ग्रंथाच्या आठव्या खंडांत त्यानें ती कल्पना सिद्धांत म्हणून छापून टाकली. ह्या वेळीं मिसरची चित्रलिपि जगांत एकाही माणसाला वाचतां येत नव्हती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. शांपोलियोंनें ती लिपि उलगडली १८२२ सालीं, म्हणजे ४१ वर्षांनंतर. आणि लिपि उलगडल्यावर मिसरच्या कोणत्याही लेखांत टॅरोचा मागमूसही निघाला नाहीं. पण तोंवर उशीर झाला होता. एतेया या नांवानें प्रसिद्ध झालेल्या एका पॅरिसकर भविष्यवाद्यानें १७८५ सालींच टॅरोवरून भविष्य कसें पाहावें याचें पुस्तक लिहिलें, आणि पुढें स्वतःचे पत्तेही छापून विकले. पुस्तक आणि पत्ते एकाच दुकानीं, ही सोय तेव्हांपासूनची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एलिफास लेवी यानें २२ चित्रांची सांगड हिब्रू भाषेच्या २२ अक्षरांशीं घालून दिली. पुढें १८८८ सालीं लंडनमध्यें 'गोल्डन डॉन' नांवाचें गुप्त मंडळ निघालें, त्यानें त्यांत राशि, ग्रह आणि महाभूतें मिसळलीं. एकानें घर बांधलें, दुसऱ्यानें माडी चढविली, तिसऱ्यानें कळस बसविला; पाया तपासण्यास मात्र कोणी खालीं उतरला नाहीं.

तो तपासला एका तर्कशास्त्रज्ञानें. ऑक्सफर्ड येथील तत्त्वज्ञानाचे अध्यापक मायकेल डमेट यांनीं १९८० सालीं टॅरोच्या खेळाचा एक जाडजूड इतिहास प्रसिद्ध केला, आणि पत्त्यांवरून भविष्य पाहण्याची ही सगळी विद्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या पादांतली आहे, त्याआधीं सुमारें साडेतीन शतकें हे पत्ते डावासाठींच वापरले जात होते, हें साधार दाखवून दिलें. या ग्रंथाला चाळीस वर्षें उलटून गेलीं. आमच्या समोरच्या तीन पुस्तकांपैकीं दोन त्यानंतरचीं आहेत. एकांतही डमेटचें नांव नाहीं.

आतां त्या नाण्यांच्या अठ्ठीविषयीं. जुन्या मार्सेय पद्धतीच्या जोडांत नाण्यांच्या अठ्ठीवर आठ नाणीं असतात, आणि थोडी वेलबुट्टी. आपल्या चौकटच्या अठ्ठीवर आठ चौकटी असतात तसेंच तें. मग तो कारागीर कोठून आला? तो आला १९०९ सालीं लंडनमध्यें. आर्थर एडवर्ड वेट नांवाच्या लेखकानें एक नवा जोड काढण्याचें ठरविलें आणि चित्रें काढण्याचें काम पामेला कोलमन स्मिथ या एकतीस वर्षांच्या चित्रकर्तीस दिलें. तिनें कांहीं महिन्यांत सगळा जोड रंगवून दिला, आणि आपल्याला फार मोठें काम फार थोड्या पैशांत करावें लागलें असें तिनें एका पत्रांत लिहून ठेविलें. दुर्री, तिर्री, अठ्ठी, दश्शी या साध्या पत्त्यांवर प्रसंगचित्रें काढण्याची पद्धत तिच्याच जोडामुळें रूढ झाली. १९५१ सालीं इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान गांवीं ती जवळजवळ विस्मृतींत वारली. तिच्या चित्रांचे जोड आज जगभर खपतात. म्हणजे पाटसच्या तरुणानें आपली जागा सोडावी कीं धरावी हा प्रश्न ज्या चित्राच्या आधारें सुटला, तें चित्र मिसरच्या कोणा पुरोहिताचें नव्हे. एडवर्ड बादशहाच्या अमदानींत कमी मोबदल्यावर घाईनें काम उरकणाऱ्या एका गुणी बाईच्या कल्पनेचें होतें. बाक, हातोडी, कारागिराचा एप्रन हें सर्व तिला सुचलें. तिला त्या ठिकाणीं विहिरीवर झोपलेला माणूस सुचता, तर मुलानें कदाचित् गोदामांतली जागा घेतली असती.

आणखी मौज अशी कीं स्वतः वेट यानें मिसरची कथा मानलेली नाहीं. आपल्या पत्त्यांबरोबर त्यानें जें पुस्तक लिहिलें त्यांत त्यानें कूर द जेबलें आणि त्याच्या अनुयायांचा चांगला समाचार घेतला आहे. भविष्य सांगण्याच्या धंद्याविषयींही तो तुच्छतेनेंच बोलतो. आणि तेवढें करून झाल्यावर तो एकेका पत्त्याचे भविष्यार्थ यादीवार देतो! अर्थांच्या त्या याद्यांतील बराच भाग जुन्या भविष्यवाद्यांकडून आलेला. ग्रंथकाराचा ज्यावर विश्वास नाहीं तें त्यानें लिहावें, आणि वाचकानें नेमकें तेंच तेवढें पाठ करावें, असा हा ग्रंथव्यवहार आहे. आमच्या स्नेह्याच्या कन्येच्या प्रतींत याद्यांवर तांबड्या खुणा आहेत. इतिहासाचीं पानें कोरीं आहेत.

येथें थोडें विषयांतर होईल, पण तें केल्याशिवाय आम्हांस राहवत नाहीं. पत्त्यांचें नवल वाटून घ्यायचें तर त्यासाठीं मराठी माणसाला मिलानपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आपल्या घरचा आहे. १२० वाटोळे पत्ते, दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, त्यांत एक राजा आणि एक प्रधान. रंग म्हणजे मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाची उतारी, रात्रीं मांडला तर कृष्णाच्या राजाची. अर्ध्या रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर अर्ध्या रंगांत एक्का. ही कला नामशेष होत आली असतां सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेऊन राजवाड्यांत पुन्हां चालू केली. आतां पाहा, या पत्त्यांवर साक्षात् विष्णूचे अवतार आहेत, लाखेचा लखलखाट आहे. गूढविद्या उभारायला याहून चांगलें साहित्य कोणतें? तरी आपल्या वाडवडिलांनीं त्यांवरून लग्न ठरविलें नाहीं कीं नोकरी सोडली नाहीं. त्यांनीं डाव खेळला, हातांतलीं पानें लक्षांत ठेवलीं, हरले तेव्हां हरलों म्हणाले. कूर द जेबलें यास सावंतवाडीची वाट सांपडली नाहीं, हें त्या खेळाचें मोठेंच सुदैव.

आमच्या वाडवडिलांना शकुन ठाऊक नव्हते असा याचा अर्थ नव्हे. पाल अंगावर पडल्याचें फळ जुन्या पंचांगांत छापलेलें असे. रामशलाकेच्या २२५ घरांपैकीं एकावर डोळे मिटून बोट ठेवण्याचा प्रकार पुष्कळ घरांत चाले. पिंगळा पहांटे येई, पोपटवाला जत्रेंत बसे. पण त्या गोष्टींना कोणी अभ्यास म्हणत नसे. पोपटानें पाकीट ओढून काढलें म्हणून कोणी पोपटाला पंडित मानलें नाहीं. आज तेंच पाकीट छापील, इंग्रजींतून आलेलें, प्रकरणें पाडलेलें आणि सूचि जोडलेलें असें हातीं पडतें, आणि जी पदवीधर मुलगी पोपटवाल्यासमोर बसायला लाजली असती ती स्वतः पोपटाची जागा घेते. ग्रंथाची छाप ही अशी आहे. छापलेल्या मजकुराविषयींचा आदर हा आमच्या वर्गाचा मोठा गुण आहे आणि तोच आमचा कच्चा दुवा आहे.

"पण मग पंचांग तरी तुम्ही कां मानतां?" असा प्रश्न आम्हांस लागलीच विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. पंचांगाचे दोन भाग करून पाहावे. एकांत तिथि, नक्षत्र, ग्रहणें यांचें गणित असतें. दुसऱ्यांत त्यांचें फल. एकोणिसाव्या शतकांत केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ध्यानांत आलें कीं जुन्या ग्रंथांवरून केलेलें गणित आकाशाशीं जुळत नाहीं. तेव्हां त्यांनीं आकाश उलटें धरलें होतें असें म्हटलें नाहीं, गणित बदललें. पुढें लोकमान्य टिळकांनींही दृक्प्रत्ययाचाच पक्ष घेतला, आणि त्या वादांत आपल्या लोकांनीं एकमेकांशीं कडाक्याचें भांडण केलें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास लिहिला, त्यांत ग्रंथकारांची अंकें प्रत्यक्षाशीं किती मिळतात हें ते पदोपदीं पाहत जातात. आमच्या मतें मराठी भाषेंत पुस्तकावरून शिकणें म्हणजे काय याचा तो वस्तुपाठ आहे. ग्रहणाची वेळ छापली कीं ती चुकूं शकते. चुकूं शकते म्हणूनच बरोबर आल्यास तिला किंमत. टॅरोच्या पुस्तकांत असें एकही वाक्य आम्हांस आढळलें नाहीं कीं जें एखाद्या मंगळवारीं सकाळीं खोटें ठरूं शकेल. पत्त्याला चार अर्थ, उलटा पडल्यास आणखी चार, शेजारच्या पत्त्यामुळें त्यांत फेर, आणि शेवटीं 'आपल्या अंतर्ज्ञानानुसार' अशी मोकळीक. ज्या परीक्षेंत कोणतेंही उत्तर चालतें तींत शिकण्यासारखें काय उरतें?

फलिताची परीक्षा घेण्याचा प्रयत्न आपल्याच पुण्यांत झालेला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनीं सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चांचणी योजिली होती. त्यांतील डॉ. दाभोलकरांची हत्या पुढें २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांतच झाली, हें येथें नमूद केल्याशिवाय लेखणी पुढें सरकत नाहीं. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस देऊन कोणती कोणाची हें ओळखण्यास सांगितलें. २७ ज्योतिषांनीं उत्तरें पाठविलीं. एकूण यश शेंकडा ४६. एका संस्थेनें दोनशेच्या दोनशें कुंडल्या पाहिल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या. नाणें उडवून ठरविलें असतें तरी याच्या आसपासच उत्तर आलें असतें, आणि वेळ वांचला असता. २००९ सालीं हा वृत्तांत छापला गेला. ही चांचणी कुंडल्यांची होती, पत्त्यांची नव्हे, हें आम्ही जाणतों. पण ज्योतिषांनीं निदान परीक्षेस बसण्याचें धैर्य दाखविलें. टॅरोची पुस्तकें त्या वाटेला जातच नाहींत. 'संशयी माणसापुढें पत्ते बोलत नाहींत' असा एक नियम पहिल्याच प्रकरणांत घालून तीं मोकळीं होतात.

तरीही "माझ्याबद्दल सांगितलं तें अगदीं खरं निघालं" असें बायका म्हणतात, तें काय खोटें बोलतात? मुळींच नाहीं. १९४८ सालीं बर्ट्रम फोरर या अमेरिकन अध्यापकानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावपरीक्षा घेतली आणि प्रत्येकाला त्याचें स्वतंत्र वर्णन म्हणून एकेक कागद दिला. वर्णन किती जुळतें याला पांचांपैकीं गुण देण्यास त्यानें सांगितलें, सरासरी ४.२६ आली. मग त्यानें उघड केलें कीं सर्वांना दिलेलें वर्णन शब्दशः एकच होतें, आणि तीं वाक्यें त्यानें बहुतांशीं वर्तमानपत्रांच्या दुकानावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या एका पुस्तकांतून उचललीं होतीं. 'तुम्ही वरून कणखर दिसतां, पण आंतून चिंता करतां' असलें वाक्य पाटसांत खरें आहे, पॅरिसांत खरें आहे, आणि आमच्याविषयींही खरें आहे.

अलीकडच्या पुस्तकांनीं मात्र एक नवी तटबंदी उभारली आहे. तीं म्हणतात, आम्ही भविष्य सांगतच नाहीं. पत्ते हा मनाचा आरसा आहे. आणि येथें युंगचें नांव येतें. युंगनें टॅरोवर एकही ग्रंथ लिहिलेला नाहीं, ही किरकोळ अडचण सोडून देऊं. आरसाच असेल तर आमची तक्रार पुष्कळ कमी होईल. एकट्यानें बसून चित्र पाहावें, त्यावरून मनांत काय येतें तें लिहून काढावें, यांत कोणाचें काय जातें? पण आरशाचीं पुस्तकें पहिल्या प्रकरणांत आरसा म्हणतात आणि पांचव्या प्रकरणांत 'विवाह', 'नोकरी', 'प्रकृति', 'कोर्टकज्जे' अशीं सदरें घालून पत्त्यांचे अर्थ देतात. आणि आरसा दुसऱ्याला सल्ला देत नाहीं. गल्लींतल्या त्या मुलाला आरसा नको होता. त्याला उत्तर हवें होतें, आणि तें त्याला मिळालें.

येथवर आमची बाजू भक्कम आहे असें आम्हांस वाटतें. पण पुस्तकें परत द्यायला आम्ही पाटसास गेलों त्या दुपारीं जें पाहिलें त्यानें आमचा आवाज जरा खालीं आला. पडवींत तीन बायका बसल्या होत्या. एकीनें आपल्या नवऱ्याच्या पिण्याबद्दल अर्धा तास सांगितलें. मुलीनें मधें एक शब्द न बोलतां तें ऐकलें, आणि मग पत्ते पसरले. त्या बाईचें अर्धा तास सलग ऐकून घेणारें दुसरें कोण आहे? दवाखान्यांत तिला दोन मिनिटें मिळतात, बँकेंत तेवढींही नाहींत. माहेरीं फोन केला तर 'सांभाळून घे' हें उत्तर ठरलेलें. आणि मुलीचें तरी काय? पदवी हातीं असून घरांत तिचा सल्ला कोणी घेत नाहीं. शेतीचा प्रश्न भावाला, पैशाचा वडिलांना, लग्नाचा मामाला. रेशमी रुमाल सोडला कीं मात्र चार माणसें तिच्या तोंडाकडे पाहतात. तिच्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांवर हसणाऱ्या घरानें आधीं तिला एक खरा प्रश्न विचारून पाहावा.

दुसरें शल्य आमच्या स्वतःच्या धंद्याचें. तिची टॅरोची वही आम्हीं उघडली, तेव्हां ती आम्हांस ओळखीची वाटली. डावीकडे पत्त्याचें नांव, उजवीकडे पांच मुद्दे, मुद्द्यांना आंकडे, महत्त्वाच्या शब्दाखालीं रेघ. ही पद्धत तिनें टॅरोच्या पुस्तकावरून घेतली नाहीं; ती आमच्या महाविद्यालयांतून नेली. डावीकडे पत्त्याच्या जागीं 'न्यूटनचा दुसरा नियम' किंवा 'फ्रेंच राज्यक्रांतीचीं कारणें' लिहिलें कीं वही तीच. आम्हीं तीस वर्षें मुलांना गाईडें पाठ करतांना पाहिलें, गुण दिले, आणि एकदांही 'हें चुकीचें असेल तर तें तुला कशावरून कळेल?' असा प्रश्न प्रश्नपत्रिकेंत घातला नाहीं. विज्ञानाची पदवी देतांना आम्हीं तिला प्रयोगाची वही दिली. त्या वहींतले आंकडेसुद्धां पुष्कळदां आदल्या वर्षीच्या मुलांच्या वहींतून उतरलेले असत, आणि तें आम्हांस माहीत असे. तिनें टॅरोचें पुस्तक तसेंच वाचलें जसें आम्हीं तिला भौतिकशास्त्राचें वाचायला शिकविलें. २००१ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणण्याचा घाट घातला, तेव्हां आम्हीं मंडळींनीं निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. तें योग्यच होतें. पण अभ्यासक्रम बाहेर ठेवून वाचण्याची ती रीत आम्हीं वर्गांतच ठेवली होती.

२०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याचा येथें उपयोग नाहीं, आणि तो व्हावा असें आम्हांस वाटतही नाहीं. पुस्तकाला पोलिसानें उत्तर द्यावें अशी पाळी आली कीं पुस्तकवाल्यांचाच पराभव झाला म्हणावयाचा. आमची मागणी साधी आहे आणि ती या मासिकासारख्या नियतकालिकांनीं पुरी करण्याजोगी आहे. टॅरोचीं, हस्तरेषांचीं, अंकशास्त्राचीं मराठी पुस्तकें धडाधड निघतात आणि शहरांतल्या प्रदर्शनांतून खपतात. परीक्षणाच्या सदरांत मात्र त्यांच्यावर एक ओळ येत नाहीं, कारण तीं 'वाङ्मय' नव्हेत. कवितेच्या अडीचशें प्रतींच्या संग्रहावर आम्ही सहा पानें लिहितों, आणि जें पुस्तक तालुक्याच्या गांवीं माणसाची नोकरी सोडवितें त्याची पानें उलटून पाहण्यांत आम्हांस कमीपणा वाटतो. मिसरच्या कथेवर कोणीतरी परीक्षणांत चार ओळी लिहिल्या असत्या तर त्या मुलीनें त्या खास वाचल्या असत्या. ती आमच्यापेक्षां अधिक वाचते.

पुस्तकें परत करतांना आम्हीं तिला एक कोरी वही दिली. पत्ते काढल्याबरोबर तारीख घालून, काय घडेल आणि केव्हांपर्यंत घडेल तें एका वाक्यांत लिहायचें, आणि नंतर शाई बदलायची नाहीं, असें ठरलें. तिनें विचारलें, "आणि उलटा पत्ता मोजायचा कीं नाहीं?" आम्ही म्हणालों, कसाही मोज, पण कोणाच्या बाजूनें उलटा तें पहिल्या पानावर आधीं लिहून ठेव. ती हंसली, आणि तिनें आमच्यासमोरच तें लिहिलें. तो तरुण गोदामाच्या मालकाकडे पुन्हां जाऊन आल्याचें त्याच दिवशीं कळलें. जागा भरली गेली होती. दिवाळीनंतर ये, असें त्याला सांगण्यांत आलें आहे.